संगीत नाटकाच्या दौऱ्यासाठी डिजिटल मिक्सर: ३२ चॅनेलांत नेमकं काय मिळतं?

प्रश्न असा आहे: "आमचं हौशी संगीत नाट्यमंडळ आहे. दहा-बारा कलाकार, साथीला तबला, ऑर्गन आणि व्हायोलिन. आजवर २४ चॅनेलच्या अ‍ॅनालॉग मिक्सरवर भागवलं. आता बेहरिंगर एक्स ३२ किंवा त्याच जातीचा डिजिटल मिक्सर घ्यावा असं चाललं आहे. त्यात जास्तीचं काय मिळतं? आवाज सुधारतो का?"

आवाजाचं आधी सांगतो. माइक तेच, स्पीकर तेच आणि नाट्यगृहही तेच असेल, तर पहिल्या प्रयोगाला प्रेक्षकांना फारसा फरक जाणवणार नाही. पाचव्या-सहाव्या प्रयोगापासून जाणवायला लागेल. कारण रत्नागिरीला तीन तास घाम गाळून जे जुळवलं, ते फोंड्याला पुन्हा पहिल्यापासून जुळवावं लागणार नाही. मी बावीस वर्षं नाटकं आणि मैफली करतोय, त्यातली निम्मी अ‍ॅनालॉगवर गेली. त्या काळात प्रयोग संपला की प्रत्येक नॉब कुठे आहे याची वहीत नोंद करायची, नंतर मोबाइल आले तेव्हा फोटो काढायचे, आणि पुढच्या गावी त्या फोटोवरून २४ चॅनेल पुन्हा लावायचे. हातात दीड तास, त्यातला अर्धा नेपथ्यवाल्यांच्या हातोड्यांत जायचा. डिजिटल मिक्सरला आठवण असते. माझ्या लेखी बाकीच्या सगळ्या सोयी त्यानंतर येतात.

तंत्र काही कालचं नाही. यामाहाचा डीएमपी ७ आला १९८७ मध्ये, मोटरवर चालणारे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांड्या) असलेला आणि छोट्या स्टुडिओंना परवडणारा प्रोमिक्स ०१ आला १९९४ मध्ये. त्यांच्याच २००५ च्या एम७सीएलने आपल्याकडच्या मोठ्या कार्यक्रमांत जम बसवला. पण मंडळांच्या आणि छोट्या साउंडवाल्यांच्या आवाक्यात ही गोष्ट खऱ्या अर्थाने आणली ती २०१२ च्या एक्स ३२ ने. म्हणून उदाहरण त्याचंच घेतो. अ‍ॅलन अँड हीथ, यामाहा, मायडास यांच्या मिक्सरमध्ये नावं आणि आकडे बदलतील, विचार तोच राहील.

एक्स ३२ मध्ये माइकच्या ३२ इनपुट, १६ मिक्स बस (आवाजांची वेगवेगळी मिश्रणं बाहेर नेणाऱ्या वाटा), ६ मॅट्रिक्स (त्या मिश्रणांची पुन्हा मिश्रणं), ८ डीसीए (गटाचे फेडर), ६ म्यूट ग्रुप (एका बटणात अनेक चॅनेल बंद) आणि ८ इफेक्टच्या जागा आहेत. प्रत्येक चॅनेलला लो-कट (खालची घरघर कापणारा), गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा), कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा) आणि चार पट्ट्यांचा पॅरामेट्रिक ईक्यू (आवाजाचा कुठला भाग, किती रुंद, किती कमी-जास्त करायचा ते ठरवू देणारा) आहे. अ‍ॅनालॉगमध्ये एवढे गेट आणि कॉम्प्रेसर बाहेरून लावायचे म्हटले तर दोन माणसांना न उचलणारा रॅक होईल. पण सोय आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असं नाही. नवीन मिक्सर घेतलेल्या मंडळांत मला हमखास दिसतं ते हे: प्रत्येक चॅनेलवर गेट चालू, प्रत्येक चॅनेलवर कॉम्प्रेसर चालू, आणि नट हळू आवाजात बोलला की वाक्याचा पहिला शब्द गिळला जातो. कलाकाराच्या कॉलर माइकवर गेट लावू नका. माझ्या २० चॅनेलांच्या नाटकात गेट असतो फक्त डग्ग्यावर, तोही क्वचित.

आता गेन, म्हणजे माइकचा सिग्नल आत घेताना किती वाढवायचा ते. इथे चूक झाली की पुढचं काही दुरुस्त होत नाही. मिक्सरच्या आतला हिशेब ४० बिट फ्लोटिंग पॉइंटमध्ये चालतो, त्यामुळे आत आवाज फाटण्याची भीती जवळपास नाही. फाटतो तो दारातच, म्हणजे माइकचा सिग्नल आकड्यांत बदलतो त्या ठिकाणी. अ‍ॅनालॉगवर लाल दिवा जरा लुकलुकला तर आवाज थोडा जाड व्हायचा आणि आपण चालवून घ्यायचो. डिजिटलला शून्याच्या वर काही नाही. तिथे नुसता चरचराट आहे. म्हणून मीटरवर साधं बोलणं उणे १८ डेसिबलच्या आसपास ठेवा आणि तारसप्तकातली तान उणे ६ च्या वर जाऊ देऊ नका. साउंडचेकला नट "हॅलो, वन टू" म्हणतो तो गेन लावायच्या उपयोगाचा नसतो. त्याला त्याच्या सगळ्यात चढ्या पदाची शेवटची ओळ म्हणायला लावा, नाटकात उभा राहतो तसं उभं करून. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण कलाकार लाजतात, टाळतात. तुम्ही सोडू नका.

संगीत नाटकाची खरी अडचण अशी की एकच माणूस, एकाच माइकवर, क्षणात बोलतो आणि क्षणात गातो. बोलण्याला स्पष्टता हवी, रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) नको. गाण्याला छातीतला आवाज हवा, थोडा विस्तार हवा, आणि तान जोरात आली तर तिला हळूच धरणारा कॉम्प्रेसर हवा. अ‍ॅनालॉगवर यासाठी आपण एका हाताने फेडर आणि दुसऱ्या हाताने इफेक्टचा नॉब धरून बसायचो. डिजिटल मिक्सरमध्ये चॅनेल आणि मागची माइकची खाच एकमेकांना बांधलेली नसतात, मधे पॅचिंग असतं. म्हणजे नायिकेचा माइक खाच क्रमांक १ मध्ये आला तरी तो चॅनेल १ वरही आणता येतो आणि चॅनेल १७ वरही. चॅनेल १ ला नाव द्यायचं "गद्य": १२० हर्ट्झवर लो-कट, ३ किलोहर्ट्झच्या आसपास जराशी धार, रिव्हर्ब नाही. चॅनेल १७ ला "पद": लो-कट खाली ८० वर, धार काढलेली, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब. पदाच्या आधीचे सूर ऑर्गनवर सुरू झाले की एक फेडर खाली आणि दुसरा वर. पदाची शेवटची सम आली की उलट. प्रेक्षकाला काही कळत नाही, पण आधी दरवेळी पद संपल्यावरचं पहिलं वाक्य विहिरीतून आल्यासारखं यायचं, ते बंद होतं.

मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: दोन चॅनेल असले तरी माइकचा प्रीअ‍ॅम्प (सिग्नल वाढवणारा भाग) एकच आहे, त्यामुळे गेनही एकच. "पद" मोठं वाटलं म्हणून चॅनेल १७ वर उभं राहून गेन कमी केलात तर "गद्य"ही तितकंच खाली जातं, मॉनिटरमधलंही (कलाकारांसमोरच्या स्पीकरमधलंही) जातं. प्रयोग सुरू झाल्यावर गेनला हात लावायचाच नाही, हा माझा नियम आहे. जे करायचं ते फेडरवर.

आता आठवणीकडे, म्हणजे सीनकडे. संपूर्ण मिक्सरची त्या क्षणाची स्थिती सीन म्हणून साठवता येते, एक्स ३२ मध्ये असे १०० सीन राहतात आणि पेनड्राइव्हवर प्रत काढता येते. मंडळं इथे एक सरळ चूक करतात. सांगलीच्या प्रयोगाचा सीन जपून ठेवतात, ठाण्याला तो जसाच्या तसा उघडतात आणि माइक शिट्टी मारायला लागतो. कारण त्या सीनमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेलेल्या असतात: काही नाटकाच्या, काही नाट्यगृहाच्या. नायिकेच्या आवाजाचा ईक्यू, तबल्याचा कॉम्प्रेसर, रिव्हर्बची लांबी हे नाटकाचं. मुख्य स्पीकरचा ईक्यू, मॉनिटरचा ग्राफिक ईक्यू (ठरलेल्या पट्ट्या वर-खाली करायचा), बाल्कनीच्या स्पीकरचा डिले (मुद्दाम दिलेला उशीर) हे त्या वास्तूचं. दुसऱ्या गावात पहिलं सोबत न्यायचं, दुसरं तिथे नव्याने करायचं. यासाठी मिक्सरमध्ये रिकॉल सेफ असतो. ज्या चॅनेलला किंवा बसला तुम्ही "सेफ" ठरवता, त्याला सीन उघडताना हात लागत नाही. मी मेन, सगळ्या मॉनिटर बस आणि मॅट्रिक्स सेफ करतो, मग नाटकाचा सीन उघडतो. तालमीच्या खोलीत एकदा हे करून बघितलंत की प्रयोगाच्या दिवशी धाक राहणार नाही.

प्रवेशाप्रवेशाला मात्र पूर्ण सीन बदलू नका. त्यासाठी स्निपेट आहेत: ठरावीक चॅनेलांचे म्यूट किंवा फेडर एवढंच त्यात असतं. दुसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात पाच माणसं आत येतात, तीन बाहेर जातात, तर एका बटणात ते आठ म्यूट इकडचे तिकडे. पूर्ण सीन उघडला असता तर आदल्या दहा मिनिटांत नायकाचा घसा बसला म्हणून तुम्ही जे सावरून घेतलं होतं, तेही पुसलं गेलं असतं. आणि नट एक वाक्य गाळून पुढे उडी मारतो तेव्हा पुढचा स्निपेट चुकीच्या माणसाला उघडतो, म्हणून संहिता समोर हवी आणि बोट म्यूटच्या बटणावर हवं.

डीसीएबद्दल थोडक्यात. एका फेडरवर गट सांभाळता येतो, आवाज मात्र त्यातून जात नाही, फक्त हुकूम जातो. मी सहसा चारच वापरतो: पुरुष, स्त्रिया, साथ, रिव्हर्ब. टाळ्या पडल्या की साथीचा फेडर एका बोटाने खाली.

दोन नट समोरासमोर, हातभर अंतरावर बोलत असतात तेव्हा एकाचा आवाज दोन्ही माइकमध्ये शिरतो, दुसऱ्यात किंचित उशिरा. ३४ सेंटिमीटरला साधारण एक मिलिसेकंद. दोन्ही माइक पूर्ण उघडे असले की आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा होतो. एक्स ३२ च्या पहिल्या आठ चॅनेलांवर ऑटोमिक्स आहे, जो बोलणाऱ्याला वर ठेवतो आणि बाकीच्यांना आपोआप दाबतो. परिसंवादाला ते उत्तम. नाटकात मी ते वापरत नाही, कारण कुजबुजीच्या प्रसंगात कोणाला ऐकू द्यायचं ते दिग्दर्शकाने ठरवलेलं असतं. तिथे हातानेच फेडर चालवायचे: बोलतो तो पूर्ण, ऐकतो तो दहा डेसिबल खाली.

मॉनिटरचा भाग तबलजींना विचारून लिहावा असा आहे. अ‍ॅनालॉगवर चार किंवा सहा ऑक्समध्ये (मॉनिटरकडे जाणाऱ्या वाटांमध्ये) सगळ्यांना वाटून द्यावं लागायचं, तबलजी आणि ऑर्गनवादक एकाच मॉनिटरवर भांडायचे. १६ बस असल्यावर प्रत्येकाला त्याचं वेगळं मिश्रण देता येतं. "सेंड्स ऑन फेडर" दाबलं की समोरचे सगळे फेडर त्या एका माणसाच्या मॉनिटरचे होतात. काम झालं की ते बटण लगेच बंद करायचं, नाहीतर हॉलसाठी म्हणून ढकललेला फेडर तबलजींच्या कानात जातो. ही सवय बोटांना लागायला पाच-सहा प्रयोग लागतात.

इथेच ग्राफिक ईक्यूची एक गोष्ट. मॉनिटर ओरडायला लागला की आपण पट्ट्या खाली ओढत सुटतो. एका प्रयोगाला तबलजी दोन-तीनदा म्हणाले, "तबला उतरलाय का?" त्यांनी हातोडीने गट्टे ठोकले, सूर बरोबर होता. तबला काळी एकचा, म्हणजे सुमारे २७७ हर्ट्झ. मी त्यांच्या मॉनिटरमधून २५० आणि ३१५ या दोन्ही पट्ट्या सहा-सहा डेसिबल खाली ओढल्या होत्या, आणि त्यांच्या कानातला षड्जच काढून घेतला होता. त्या दोन पट्ट्या जागेवर आणल्या, मॉनिटर दोन फूट सरकवला आणि वळवला, ओरडणं तसंच थांबलं. तेव्हापासून पट्टी ओढण्याआधी मी गाणाऱ्याची आणि तबल्याची पट्टी विचारतो. डिजिटलमध्ये पडद्यावर आरटीए (कुठल्या कंप्रतेचा आवाज किती, याचा चालता आलेख) दिसतो, त्यात कुठली कंप्रता उसळते आहे ते नेमकं कळतं, मग चॅनेलच्या पॅरामेट्रिकने तेवढीच अरुंद खाच मारता येते. ग्राफिकचा कोयता तिथे लागत नाही. तबल्याच्या कॉम्प्रेसरचा अ‍ॅटॅकही फार जलद ठेवू नका. "ना" आणि "ता" यांची धार पहिल्या काही मिलिसेकंदांतच असते, ती चिरडली की तबला पुठ्ठ्याचा वाटतो. २० ते ३० मिलिसेकंद द्या.

ग्राफिक ईक्यू एक्स ३२ मध्ये फुकट मिळत नाही, तो इफेक्टची एक जागा खातो. एका जागेत दोन बसचे ग्राफिक मावतात. आठ जागांपैकी पाच ते आठ या फक्त इन्सर्टसाठी (चॅनेलच्या किंवा बसच्या वाटेतच बसवायला) आहेत, त्यांत ग्राफिक बसवा आणि पहिल्या चारांत रिव्हर्ब, डिले. मला नाटकात दोन रिव्हर्ब पुरतात, एक गाण्याला आणि एक तबला-व्हायोलिनला अगदी आखूड.

प्रत्येक आउटपुटला ५०० मिलिसेकंदांपर्यंत डिले देता येतो. उघड्या मंडपात प्रयोग असेल आणि मागचे स्पीकर ३० मीटरवर असतील, तर आवाजाला तिथवर पोचायला सुमारे ८७ मिलिसेकंद लागतात. तेवढा डिले आणि वर दहा-पंधरा दिलेत तर आवाज रंगमंचावरूनच येतोय असं शेवटच्या रांगेला वाटतं. मिक्सरचा स्वतःचा विलंब विचारात घेण्याजोगा नाही, एक मिलिसेकंदाहून कमी, म्हणजे स्पीकर फूटभर लांब ठेवल्यासारखा. आवाजाचे नमुने सेकंदाला ४८ हजार वेळा घ्यायचे (४८ किलोहर्ट्झ) की ९६ हजार, या वादात वेळ घालवू नका, तो पैसा माइककडे वळवा.

दौऱ्याच्या मंडळाला बसमध्ये जागा किती लागते हे महत्त्वाचं. २४ जोड्यांचा जुना मल्टिकोर (सगळ्या माइकच्या वायरी एकत्र असलेली जाड केबल) उचलायला दोन माणसं लागतात. त्याऐवजी रंगमंचावर स्टेजबॉक्स (माइक लावायची पेटी) आणि तिथून मिक्सरपर्यंत एक कॅट ५ई केबल. पण ती घरच्या इंटरनेटची केबल नव्हे. शील्ड असलेली आणि धातूच्या कनेक्टरची घ्या. शील्ड नसलेल्या केबलला स्थिर विजेचा झटका लागला की क्षणभर सिंक (दोन्ही उपकरणांचा मेळ) तुटतो आणि सगळाच आवाज कट होतो. एक्स ३२ चं हे जोडणं एईएस ५० पद्धतीचं आहे, त्याच्या मधे नेटवर्कचा स्विच लावायचा नाही. आणि एकाच केबलवर सगळा प्रयोग असल्याने दुसरी केबल पहिल्या दिवसापासून शेजारी अंथरून ठेवा. पहिली बिघडल्यावर अंधारात, प्रेक्षकांच्या पायांतून दुसरी ओढता येत नाही.

आता वीज. एका तालुक्याच्या गावी दुसऱ्या अंकाच्या ऐन मध्यात लाइट गेली, जनरेटरवर यायला दहा सेकंद लागली. अ‍ॅनालॉग असता तर वीज आली की आवाज आला असता. डिजिटल मिक्सर हा संगणक आहे, त्याला उठायला वेळ लागतो. नायक पद म्हणत होता. तो थांबला नाही, ऑर्गनवादक थांबले नाहीत, प्रेक्षक इतके शांत बसले की शेवटच्या रांगेत विनामाइक ऐकू गेलं. ते त्यांचं मोठेपण. मिक्सर उठल्यावर त्यात प्रयोगात केलेले बदल नव्हते, कारण मी सीन साठवलाच नव्हता. त्या रात्रीनंतर मिक्सर, स्टेजबॉक्स आणि वायरलेसचे रिसीव्हर हे तिन्ही यूपीएसवर असतात. फक्त मिक्सर यूपीएसवर ठेवून उपयोग नाही. आणि मध्यंतर झालं की पहिलं काम सीन साठवणं, चहा नंतर.

टॅब्लेटवरून मिक्सर चालवता येतो, त्याचा खरा फायदा प्रयोगाआधी: रिकाम्या नाट्यगृहात बाल्कनीत जाऊन, शेवटच्या रांगेत बसून ऐकत ऐकत ईक्यू लावता येतो. प्रयोगात मात्र फेडरच. आठशे माणसांचे आठशे फोन खिशात असताना २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायचा भरवसा धरू नये; राउटर ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. फेडर नसलेले, नुसत्या टॅब्लेटवर चालणारे मिक्सर मैफलीला छान आहेत, नाटकाला मी ते सुचवणार नाही.

तुमच्यासारख्या हौशी मंडळासाठी मला सगळ्यात मोलाची वाटते ती सोय जाहिरातीत कोपऱ्यात असते. मिक्सरमध्ये यूएसबी कार्ड असेल तर लॅपटॉपवर ३२ चॅनेल वेगवेगळे रेकॉर्ड होतात. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला तासाला साधारण १७ जीबी, तीन तासांच्या नाटकाला ५० जीबी मोकळे ठेवा. दुसऱ्या दिवशी तेच ३२ ट्रॅक त्याच चॅनेलांतून परत सोडायचे. कलाकार घरी, आपापल्या नोकरीवर, आणि तुम्ही नायिकेचं पद वीस वेळा ऐकून तिचा ईक्यू आणि कॉम्प्रेसर सावकाश बसवू शकता. हौशी नटाला साउंडचेकसाठी तासभर उभं करणं शक्य नसतं. इथे तो न थकता गातो. गेनची आणि फीडबॅकची (माइकच्या शिट्टीची) परीक्षा यात होत नाही, ती प्रत्यक्षच व्हावी लागते.

तुमचा हिशेब मी असा मांडेन. बारा कॉलर माइक, तबल्याला दोन, ऑर्गन, व्हायोलिन, पुढच्या कडेला तीन फूट-माइक: १९ झाले, दोन राखीव. रिसीव्हर रंगमंचाजवळच हवेत, म्हणजे हे सगळे स्टेजबॉक्समध्ये येणार, आणि १६ चा एक पुरणार नाही. एक तर १६ चे दोन जोडून घ्या किंवा ३२ चा एक. मग मिक्सरवर पूर्ण ३२ खाचा असायची गरज उरत नाही, कमी खाचांचा एक्स ३२ कॉम्पॅक्ट चालेल, आतली चॅनेल तेवढीच असतात. वाचलेल्या पैशांत यूपीएस, दोन चांगल्या केबल आणि दोन चांगले कॉलर माइक येतात का ते पाहा. संगीत राज्य नाट्य स्पर्धेला उतरणार असाल तर मिक्सर निदान दोन महिने आधी हातात यायला हवा आणि तालमीला रोज लागायला हवा. जुना २४ चॅनेलचा लगेच विकू नका. आणि मिक्सर चालवणारी माणसं दोन तयार करा: दुसऱ्याला किमान सीन उघडणं, म्यूट ग्रुप आणि "सेंड्स ऑन फेडर" बंद आहे की नाही ते बघणं, एवढं पहिल्याच आठवड्यात शिकवा.